ठासणीची जुनी बंदूक: किंमत करायची ती कशाची?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला होता: घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे, विकली तर किती येतील? रत्नागिरीत हा प्रश्न नवलाचा नाही. आंबा-काजूच्या बागा, भाताची खाचरं, आणि त्यावर टपलेली डुकरं नि वानरं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका इथे गावोगाव आहेत. म्हणून आज तोच विषय घेऊ.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. लोक सर्रास 'रायफल' म्हणतात. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाचे आटे असलेली. आपल्याकडच्या बहुतेक ठासणीच्या बंदुका आतून गुळगुळीत असतात, छर्ऱ्यांच्या. तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे गजाने ठासायचे, मागच्या निपलवर केप बसवायची, घोडा पडला की बार. केपची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रूढ झाली. त्याआधी चकमकीची, आणि तिच्याही आधी तोड्याची.

आता बंदूक हातात घेतली की पहिलं काम किंमत करण्याचं नाही. ती भरलेली आहे का, ते बघायचं. वर्षानुवर्षं खुंटीवर असलेली बंदूक रिकामीच असणार, असं धरून चालू नका. केप काढलेली आहे याची खात्री करा, तोंड माणसांपासून लांब ठेवा आणि गज अलगद आत सोडा. गज जिथे थांबला तिथे बोटाने खूण करून तो बाहेर काढा, नळीला बाहेरून लावून बघा. निपलच्या जागेच्या बराच अलीकडे थांबत असेल, तर आत बार आहे असं समजा आणि पुढचं काम जाणकारावर सोडा. घरी खरवडत बसू नका.

मग नळी. किंमत खरी इथेच ठरते. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. बार उडाल्यावर जी राख उरते ती हवेतली ओल ओढून घेते. आपला पावसाळा आणि खारा वारा, त्यात कुणी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावलं नाही, तर एका मोसमात आत खड्डे पडतात. ही नळी मागून बंद, म्हणून आरपार बघता येत नाही. गजाला स्वच्छ फडकं गुंडाळून आत फिरवा. फडकं नुसतं तांबूस झालं तर फारसं बिघडलेलं नाही. पण ते जागोजाग अडकत असेल, धागे निघत असतील, तर खड्डे आहेत. नंतर नळीवरून बाहेरून बोटं फिरवा. कुठे फुगवटा लागला, तर आत कधीतरी काहीतरी अडकलेलं असताना बार काढलेला आहे. अशी नळी आम्ही फुकटातही घेणार नाही.

घोडा अर्ध्या चापावर धरतो का, चाप ओढल्याशिवाय सुटत नाही ना, निपल चेपलंय का, तेही बघा. निपल बदलता येतं. दस्त्याला मानेपाशी चीर असेल, तर मात्र भाव पडतो. वाळवी लागली असेल, तर दस्ता नवाच करावा लागतो. वरचं पॉलिश बघून भुलू नका; घासून चकाकी आणताना कारखान्याचं नाव आणि क्रमांकच पुसून गेलेल्या बंदुका आम्ही पाहिल्यात. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे ओळखखूण नसलेली बंदूक विकता येत नाही आणि घेताही येत नाही. म्हणजे किंमत शून्य.

आकडा सांगा म्हणाल, तर असा काढा: परवानाधारक विक्रेत्याकडे तशीच नवी बंदूक केवढ्याला पडते ते विचारा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, आणि मग गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. कारण ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच ती घेता येते. दर पैसेवाल्याच्या हातात नाही, कागदवाल्याच्या हातात आहे. विकायच्या आधी घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. शेजारच्या काकांना रात्रीत दिली, असं चालत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: परवाना वडिलांच्या नावावर होता, ते गेले. आता?)

हे नेहमीचंच आहे हो. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाच्या नावावर तो आपोआप येत नाही. पंधरा दिवसांची सुतकाची गडबड समजू शकतो, पण बंदूक माजघरात ठेवून वर्ष काढू नका. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. जमा केलेली बंदूक वारसांना परवानाधारकाला विकता येते, नाहीतर स्वतः परवाना काढून परत घेता येते. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होते.

"जुनी आहे, शोभेची आहे, परवाना कशाला?" असंही ऐकू येतं. कायद्यातली ती सवलत ज्या शस्त्राचा दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, त्याच्यासाठी आहे. तुमच्या भिंतीवरची निपल बदलून उडणार असेल, तर ती त्यात बसत नाही. तेव्हा आधी जुना परवाना शोधा, त्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक ताडून बघा, आणि मग पुढच्या वेळी बंदूक न आणता नुसता कागद घेऊन या.