पाण्यात डीएनए आला कुठून?

आमची बायोटेक ब्रँच म्हणजे हॉस्टेलवर चेष्टेचा विषय! मेकॅनिकलवाल्यांना वाटतं आम्ही बेडूक कापतो, कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं झाडांना पाणी घालतो. म्हणून म्हटलं, आमच्या लॅबमध्ये काय चालतं ते एकदा सांगूनच टाकावं. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

पीसीआरचं प्रॅक्टिकल घ्या. १९८३ मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही कल्पना सुचली, १९९३ मध्ये त्याला त्यासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. डीएनए ९५ अंशांपर्यंत तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. साधारण ५५ ला प्रायमर नावाचे छोटे तुकडे त्यांना चिकटतात आणि ७२ ला एन्झाइम नवा धागा विणतं. दर सायकलला एकाचे दोन. ३० सायकलनंतर, निदान कागदावर तरी, एकाचे १०७ कोटी! मग जेलच्या खणांत सॅम्पल भरून करंट सोडायचा. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे पळतो. लहान तुकडे पुढे, मोठे मागे. रंग दिलेले पट्टे यूव्हीखाली चमकतात. म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री आणि इलेक्ट्रिकल एकाच टेबलावर!

एका ट्यूबमध्ये मात्र डीएनएऐवजी मुद्दाम नुसतं पाणी घालतात. तिच्या खणाखाली काहीच दिसायला नको. गेल्या सेमला आमच्या पाण्याच्या ट्यूबनेही मस्त पट्टा दाखवला! कुठून तरी, बहुधा पिपेटमधून, त्यात डीएनए गेला होता. मग बाकीच्या पट्ट्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

पार्टनर म्हणाली, "अगं, फोटोतून तेवढी लेन काप ना, कोण बघतंय?" खरं सांगते, कात्री माझ्याच हातात होती. फर्स्ट इयरला 'जी' ९.८ यावा म्हणून पेंडुलमची रीडिंग्ज उलटी काढणारी मी, काही संत नाही. पण तिथे उत्तर आधीच माहीत होतं. इथे? कोविडची आरटी-पीसीआरही याच तत्त्वावर चालते आणि तिथेही अशी पाण्याची ट्यूब लावतात. ती कोणी लपवली, तर धडधाकट माणूस पॉझिटिव्ह ठरायचा.

कात्री ठेवली. फोटो अख्खा चिकटवला, खाली लिहिलं, 'सॅम्पल दूषित, निष्कर्ष काढता येत नाही.' दहापैकी तीन मार्क गेले. पुढच्या आठवड्यात नव्या टिप्स, नवं पाणी घेऊन पुन्हा केलं. पाण्याची लेन कोरी करकरीत!

काहीच न दिसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.