उभा पट्टा की आडवा?

दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी मोठ्या उत्साहाने सांगतो, “सर, आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आला होता!” कर्जत-खालापूरच्या बाजूला हमिंगबर्ड येण्याचा संभव नाही. ते पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात आणि त्यांचे नाते आपल्या पाकोळ्यांशी जुळते. जास्वंदीवर आला होता तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. शिंजीर बहुधा डहाळीला धरून बसतो आणि बाकदार चोच फुलात घालतो.

घाटाच्या रानात सूर्यपक्ष्यांच्या आणखी जाती भेटतात. पण अंगणात, आंब्यावरच्या बांडगुळाच्या फुलांवर आणि पांगाऱ्यावर नेहमी दिसतात त्या दोनच: जांभळा आणि पंचरंगी. दोघेही सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे.

विणीच्या हंगामातला जांभळा नर पोटापर्यंत गडद असतो. सावलीत तो चक्क काळा दिसतो; उन्हात आला की निळ्या-जांभळ्या तेजाने झळकतो. पंचरंगी नराची पाठ तांबूस-तपकिरी, डोक्यावर हिरवी चमक, गळा व कंबर जांभळी आणि पोट मात्र पिवळे असते.

इतके सोपे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. विणीचा हंगाम सरला की जांभळा नर आपला झगझगीत पोशाख उतरवतो. पाठ मातकट होते, पोट पिवळे होते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर उभा पट्टा तेवढा उरतो. माझ्या जुन्या टिपणवहीत दिवाळीच्या सुमारास पाहिलेल्या अशा एका पक्ष्यापुढे ‘पंचरंगी’ असे मी ठामपणे लिहून ठेवले आहे! माझी चूक दाखवली ती खालापूरकडच्या एका विद्यार्थ्याने. त्याच्या परसातील शेवग्यावर तसाच पक्षी रोज येई, आणि थंडी संपता संपता तो ठिपक्याठिपक्यांनी काळा होत गेला. पंचरंगी नर असा पोशाख बदलत नाही. त्याच्या छातीवरचा गडद पट्टा आडवा असतो व त्याखाली स्वच्छ पिवळे पोट. तेव्हा आधी पट्टा उभा की आडवा ते पाहा.

जांभळ्या रंगावर मात्र विसंबू नका. तेथे जांभळे रंगद्रव्य नसतेच! पिसांच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिन या काळपट द्रव्याचे कण थरांनी रचलेले असतात. निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. कोन बदलला की रंग बदलतो. घरात गळलेले मोरपीस असेल तर ते खिडकीच्या उजेडासमोर आडवे धरून आरपार पाहा. निळे-हिरवे तेज नाहीसे होऊन पीस तपकिरी दिसेल. पोटाचा पिवळा रंग मात्र खऱ्या रंगद्रव्याचा असल्यामुळे सावलीतही पिवळाच राहतो.

माद्या ओळखताना ही चमक उपयोगी पडत नाही, कारण ती त्यांना नसते. तेथे गळा पाहावा. पंचरंगी मादीचा गळा करडा-पांढरा व छाती पिवळी. जांभळ्या मादीचा गळाही छातीसारखाच फिकट पिवळा. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालीचे तुकडे व कचरा यांचे लोंबते घरटे मादीच बांधते. पडवीच्या वेलीवर असे घरटे आढळले तर त्याला हात न लावता दूर बसा. मादी दारातून डोके बाहेर काढील तेव्हा गळा नीट दिसतो.