चौकटीतील काळ आणि पडद्यावरील काळ : चित्रकादंबरीच्या माध्यमांतराचा एक विचार

कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटाची चर्चा करताना समीक्षा सहसा एक गोष्ट गृहीत धरते : मूळ कृती शब्दांची, रूपांतर दृश्याचे. शब्दांनी सुचविलेले दृश्य दिग्दर्शकाला घडवावे लागते आणि या घडविण्यातच त्याचे स्वातंत्र्य असते. चित्रकादंबरीच्या बाबतीत हे गृहीतक डळमळते. पात्रांचे चेहरे, खोलीतील उजेड, पाहण्याचा कोन हे सर्व तेथे आधीच रेखाटलेले असते. त्यामुळे चित्रकादंबरी म्हणजे चित्रपटाचा तयार आराखडाच होय, असा समज रूढ झाला आहे. हा समज तपासून पाहण्यास मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही कृती विशेष उपयुक्त ठरते.

इराणमधील क्रांती, इराकशी झालेले युद्ध आणि परदेशातील एकाकीपण यांतून वाढणाऱ्या एका मुलीचे हे आत्मचरित्रपर कथन २००० ते २००३ या काळात चार खंडांत फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये सत्रापी यांनीच व्हँसाँ पारोनो यांच्यासह त्यावर अॅनिमेशनपट केला आणि कान महोत्सवात त्याला ज्यूरी पारितोषिक विभागून मिळाले. मूळ लेखिका आणि सहदिग्दर्शिका एकच असल्यामुळे ‘लेखकाचा आशय दिग्दर्शकाला कळला नाही’ ही नेहमीची तक्रार येथे संभवत नाही. जे बदलले ते माध्यमामुळे किती बदलले, हे म्हणूनच अधिक स्पष्ट दिसते.

चित्रकादंबरीचे पान वाचक एका अर्थी दोनदा वाचतो. प्रथम सबंध पान एकदम नजरेत येते. मग नजर एकेका चौकटीवरून सरकते. पुढची घटना डोळ्यांच्या कडेला आधीच दिसत असते, मागची पुसली गेलेली नसते. काळ येथे अवकाशाच्या रूपाने मांडलेला असतो. दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचकाने भरून काढायचे असते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये या क्रियेलाच माध्यमाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. चित्रपटातही दोन दृश्यखंडांमध्ये तुटकपणा असतो, परंतु तेथे थांबण्याची मुभा प्रेक्षकाला नाही.

‘पर्सेपोलिस’च्या पहिल्या पानावर १९८० मधील दहा वर्षांची मार्जी डोक्याला रुमाल बांधून बसलेली दिसते. दुसऱ्या चौकटीत तिच्या वर्गातील मुलींचे छायाचित्र आहे आणि मार्जी त्याच्या अगदी डाव्या कडेला असल्यामुळे चौकटीच्या रेषेने कापली गेली आहे. निवेदिका स्वतःच्या कथनाच्या दुसऱ्याच चित्रात जवळजवळ नाही! चौकटीची रेषा म्हणजे चित्राभोवतीची केवळ सजावट नव्हे. अर्थ घडविणारा तो घटक आहे, हे इतक्या सहजपणे सांगणारे उदाहरण विरळाच.

याहून तीव्र उदाहरण बॉम्बहल्ल्याच्या प्रसंगाचे आहे. शेजारच्या ज्यू कुटुंबाचे घर कोसळले आहे आणि ढिगाऱ्यात मार्जीला आपल्या मैत्रिणीचे कंकण दिसते. ती तोंडावर हात धरते, मग चेहरा झाकते आणि शेवटची चौकट संपूर्ण काळी आहे. या काळ्या चौकटीला कालावधी नाही. एखादा वाचक पान चटकन उलटील, एखादा त्यावर थबकून राहील. पडद्यावर काळोख दाखवायचा तर तो किती सेकंद टिकणार हे कोणीतरी ठरवावेच लागते, आणि ते ठरताच शोकाची लांबी प्रेक्षकाच्या हातून जाते.

चित्रपटाने हे नुकसान ओळखून दुसरीकडे काही मिळविले आहे. तो सुरू होतो पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर, तोही रंगांत. प्रौढ मार्जान तेथे बसून आठवू लागते आणि चित्र कृष्णधवल होते. पुस्तकात काळा आणि पांढरा यांखेरीज काहीच नाही, म्हणून तेथे कृष्णधवलता हा ‘भूतकाळ’ नसतो; तेच त्या जगाचे संपूर्ण वास्तव असते. चित्रपटात रंगांच्या शेजारी येताच तीच कृष्णधवलता स्मृतीची खूण बनते. शिवाय पुस्तकातील ठाम काळ्या-पांढऱ्या विरोधात पडद्यावर करड्या छटा मिसळतात. चित्रे वरवर तीच, अर्थव्यवस्था मात्र निराळी.

मूळ चौकटींशी प्रामाणिक राहण्याचा दुसरा मार्ग ‘वॉचमेन’च्या वाट्याला आला. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ही कृती १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली. पानावर नऊ सारख्या चौकटी ही तिची मूळ लय. तिच्या पाचव्या प्रकरणात पहिले पान शेवटच्याचे प्रतिबिंब ठरावे अशी रचना आहे. चौथ्या प्रकरणात डॉ. मॅनहॅटन भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी पाहतो, म्हणजे वाचक पान पाहतो तसेच. झॅक स्नायडर यांच्या २००९ च्या चित्रपटाने शेवट बदलला, तरी कित्येक चौकटी कटाक्षाने उतरविल्या. मॅनहॅटनचा तो प्रसंग निवेदन आणि फिलिप ग्लास यांच्या संगीताच्या आधारे येतो. तो प्रभावी आहे, पण एकामागून एक येतो. एकसमयता तेथे सांगितली जाते, अनुभवास येत नाही. (मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही, तो प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नव्हता, हेही खरे.)

चित्रपटापाशी असलेली आणि पानापाशी नसलेली गोष्ट म्हणजे आवाज. ‘पर्सेपोलिस’मध्ये आजीला दानिएल दारिए यांचा आवाज लाभला आहे. पुस्तकाच्या अखेरीस १९९४ मधील प्रस्थान चित्रित होते आणि आजीचा जानेवारी १९९६ मधील मृत्यू निवेदनाच्या मजकुरातून कळतो. चित्रपट ही तारीख देत नाही. पडदा काळा होतो आणि त्या काळोखातून आजी नातीला आपल्या अंगाला येणाऱ्या जाईच्या सुगंधाचे गुपित सांगते.