आंतरजालावरील दूरध्वनि व त्याचीं साधनें

इचलकरंजी हें मागांचें गांव. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढें गांवांत यंत्रमाग जसजसे वाढले, तसतसा मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्याचा परिपाठ पुष्कळ घरांतून पडत गेला. अशा एखाद्या घरांतील मुलगा शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातो. त्याचा फोन आला म्हणजे आई "ऐकूं येतंय का रे?" असें पुनःपुन्हां विचारते, पलीकडून तुटक शब्द येतात, आणि अखेर "समुद्रापलीकडचं बोलणं, असंच व्हायचं" असें म्हणून ती फोन खालीं ठेवते. वास्तविक हा दोष समुद्राचा नसतो. तो बहुधा आपल्याच खोलींत असतो, व थोडक्या खर्चांत दूर करतां येतो. तो कसा, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेऊन घरीं वडील माणसांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

समुद्रापार बोलणें आपणांस अगदींच नवें नाहीं. १९३३ सालीं मुंबई व लंडन यांच्यामध्यें बिनतारी दूरध्वनि सुरू झाला. परंतु त्याचा लाभ फार थोड्यांनाच घेतां येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आंतरजालाची सेवा भारतांतील सर्वसामान्यांस खुली केली, आणि १ एप्रिल २००२ पासून त्यावरून बोलण्यास सरकारची परवानगी मिळाली. आज सामान्य कुटुंबासहि परदेशस्थ मुलाशीं रोज बोलतां येतें.

आतां यांतील मर्म पाहूं. जुन्या टेलिफोनांत दोन घरांमध्यें जणूं एक अखंड सूत ताणलेलें असे. बोलणें संपेपर्यंत तें दुसऱ्या कोणास मिळत नसे. आंतरजालाची तऱ्हा निराळी. मायक्रोफोन ध्वनीच्या लहरींचें विजेच्या लहरींत रूपांतर करतो. टेलिफोनच्या रूढ पद्धतींत या लहरींचें दर सेकंदास ८,००० वेळां मोजमाप होऊन त्यांचे आंकडे बनतात. हे आंकडे बांधून लहान लहान गांठी करतात; एका सेकंदांत सुमारें ५०. प्रत्येक गांठीवर पत्ता व क्रमांक असतो. आपल्या गांवांतून कापडाच्या गांठी निरनिराळ्या मालमोटारींतून मुंबईस जाव्या व तेथें क्रमांक पाहून लावून घ्याव्या, तसाच हा प्रकार. एखादी गांठ उशिरां पोंचली, तर तिची वाट पाहत थांबतां येत नाहीं. तिला वगळून पुढें जावें लागतें. तोच तो तुटका शब्द!

या कामीं चार साधनें लागतात. पहिलें, बोलण्याऐकण्याचें. मोबाइलमध्यें मायक्रोफोन व स्पीकर असतातच; संगणकास ते कधीं कधीं निराळे जोडावे लागतात. जुनाच टेलिफोन वापरावयाचा असेल, तर तो व राउटर यांच्या मध्यें अडॉप्टर नांवाची लहान पेटी बसवावी लागते, व तशी सेवा देणाऱ्या कंपनीकडे नांव नोंदवावें लागतें. दुसरें, आंतरजालाची जोडणी व राउटर. नुसत्या बोलण्यास वेग फारसा लागत नाहीं. वरील पद्धतीनें आवाजास दर सेकंदास ६४,००० बिट लागतात. पत्ते व क्रमांक धरून ते ८०,००० ते ९०,००० होतात. वेगापेक्षां गांठी नियमित पोंचणें अधिक महत्त्वाचें. तिसरें, दोहोंकडे एकच ॲप. चौथें, वीज.

सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी वस्तु म्हणजे तोंडापाशीं मायक्रोफोन येणारा हेडफोन. मोबाइल टेबलावर ठेवून मोठ्यानें बोललें, तर मायक्रोफोन मागाचा खडखडाटहि गोळा करतो. शिवाय स्पीकरमधून आलेला मुलाचा आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरून त्याचा त्यालाच प्रतिध्वनि ऐकूं जातो. हेडफोनानें दोन्ही दोष पुष्कळ कमी होतात. राउटर लोखंडी कपाटामागें न ठेवतां बोलण्याच्या जागेजवळ उघड्यावर ठेवावा. संगणक शक्य तर तारेनेंच जोडावा. बोलणें चालू असतां घरांतील इतरांनीं चित्रपट उतरवून घेण्याचें थांबवावें. आणखी एक संवय लावून घ्यावी. आपलें वाक्य संपलें कीं क्षणभर थांबावें. आवाज पोंचण्यास ०.१५ सेकंदाहून अधिक वेळ लागूं लागला, कीं दोघेंहि एकदम बोलतात व दोघेंहि एकदम गप्प होतात.

येथें एक इशारा दिला पाहिजे. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनास वीज एक्स्चेंजमधूनच मिळे. म्हणून घरांतील दिवे गेले तरी तो चाले. राउटरवर अवलंबून असलेला फोन मात्र राउटर बंद पडतांच मुका होतो. यास्तव राउटरला इन्व्हर्टरची जोड द्यावी. तसेंच, व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून ११२ हा संकटकाळचा क्रमांक लागत नाहीं. यासाठीं घरांत साधा मोबाइल नेहमीं चार्ज केलेला असावा.

तात्पर्य, सातासमुद्रांपलीकडून घरापर्यंतची वाट शास्त्रज्ञांनीं बांधून दिली आहे. शेवटच्या चार हातांची वाट नीट राखणें आपलें काम. विद्यार्थिमित्रहो, येत्या नाताळच्या सुटींत परदेशांतील काकाचा फोन येईल, तेव्हां प्रथम आपल्या हातांनीं आजीच्या कानांवर हेडफोन नीट बसवून द्या. मग तिला ओरडून विचारावें लागणार नाहीं; मुलाचा आवाज तिला स्वस्थपणें ऐकतां येईल.