गाडीच्या टायरलाही वय असते!

कुकरची रिंग जुनी झाली की आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. ती कडक होते, वाकवली की बारीक भेगा दिसतात, वाफ निसटू लागते आणि आपण मुकाट्याने नवी आणतो. मुलांच्या चड्डीचे इलॅस्टिक तर कपाटात घडी घालून ठेवले तरी सैल पडते. रबराचा स्वभावच तो! वापरा की ठेवा, ते म्हातारे होतेच. मग मैत्रिणींनो, दारातल्या मोटारीची चाकेही रबराचीच आहेत, हे आपण का बरे विसरतो?

"गाडी फिरतेय कुठे? टायर अजून कोरे आहेत!" हे वाक्य घरोघरी ऐकू येते. खरेच आहे. रोजची कामे स्कूटरवर होतात. मोटार निघते ती लग्नकार्याला, कुलदैवताला नि मे महिन्यात गावी. पण निघते तेव्हा कशी? घरची सगळी माणसे, वर सामान, भर उन्हाचा रस्ता आणि मोठा वेग! वर्षभर उभ्या असलेल्या टायरवर सगळा ताण एकाच दिवशी येतो.

अमेरिकेत 'मोटरहोम' नावाची गाडी असते. आत ओटा, बिछाने, न्हाणीघरसुद्धा. चाकांवरचे बिऱ्हाडच म्हणा ना! ती वर्षातले काही आठवडे फिरते, एरवी अंगणात उभी. तिचे टायर झिजण्याआधी वयानेच निकामी होतात. म्हणून ते लोक किलोमीटरइतकीच वर्षेही मोजतात. आपणही तेच करायला हवे.

टायरचे वय कळते कसे? अगदी सोपे आहे. टायरच्या बाजूवर इंग्रजीत 'डीओटी' किंवा तशीच अक्षरे असलेली ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतील. गॅरेजवाल्याला बघायला सांगा.

पाच वर्षे झाली की दर वर्षी टायर जाणकाराला दाखवावेत, असे काही टायर कंपन्या सांगतात. दहा वर्षांनंतर मात्र तो दिसायला कितीही छान असो, बदलायचाच. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. बाजूवर भेगा किंवा फुगवटा दिसला तर वर्षे मोजत बसू नका.

झीजही पाहायला हवीच. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने मोटारीच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, स्कूटरच्या ०.८. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. पुढे २०२३मध्ये परिवहन खात्याने तिथे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, त्या उगीच नव्हेत.

आता एक गैरसमज. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवू, नाहीतर टायर फुटेल," असे पुष्कळजण म्हणतात. अहो, हे उलटे आहे! हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या दबतात, दबून तापतात, आणि तापलेला टायर फुटतो. हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. माणसे व सामान भरून जाताना त्यातला मोठा आकडा धरायचा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा नाही. हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी तपासावी. वाटेत टायर तापून हवा वाढली म्हणून ती सोडू नये.

खरेदीला जाल तेव्हा भाजीवालीकडे जसे पारखून घेता तसेच घ्या. जुन्या टायरवरचे माप लिहून न्या, उदाहरणार्थ '१८५/६५ आर १५'. नव्यावर तेच माप हवे. त्यापुढचे वजनाचे आकडे नि वेगाचे अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचे नको. पैसे देण्यापूर्वी तारीख वाचा. 'सेल'मधला स्वस्त टायर गोदामात तीन वर्षे पडलेला असू शकतो. चारही एकदम झेपत नसतील तर जोडीने घ्या, आणि नवी जोडी मागच्या चाकांना लावायला सांगा. पावसात गाडीचा मागचा भाग घसरला तर ती सावरणे अवघड असते. व्हॉल्व्हही नवे बसवून घ्या, ते रबराचेच असतात.

जे आहेत ते टिकवायचे कसे? गाडी सावलीत ठेवा, महिन्यातून एकदा हवा बघा, आठवड्यातून एक फेरी मारा, म्हणजे भार एकाच जागी पडून राहत नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. आणि डिक्कीतली स्टेपनी? लोणच्याच्या बरणीसारखी तिला आपण जपून ठेवतो, पण ती मुरत नाही, म्हातारी होते! तिचीही तारीख वाचा, तिच्यातही हवा भरा.

गॅसच्या सिलिंडरची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितोच. आज त्याच्याच शेजारी पाच टायरचे पाच आकडे लिहून ठेवा. गावी निघण्याचा बेत ठरला की आधी ते वाचा, मगच लाडू-चिवड्याला हात घाला. हे काम पुरुषांचे म्हणून सोडू नका. मागच्या सीटवर मुले घेऊन बसणार आहात तुम्हीच!