अधांतरी दगड आणि धातू

घारापुरीच्या मुख्य लेण्यात गंगाधर शिवाच्या भव्य शिल्पाभोवती गंधर्व-विद्याधर हवेत तरंगताना दिसतात. उरण तालुक्यातील या बेटावरचे हे लेणे साधारण सहाव्या शतकातले. त्या आकृत्या टांगलेल्या नाहीत. मागच्या बेसाल्टपासून त्या कधी सुट्या झालेल्याच नाहीत. छत, खांब आणि मूर्ती एकाच कातळाच्या, म्हणूनच काही खांबांचे दंड तुटल्यावरही त्यांचे माथे छताला लोंबकळत राहिले. जुन्या छायाचित्रांत ते दृश्य आजही थक्क करते. पुढे अनेक खांब नव्याने उभारले गेले.

आजच्या वास्तूत दगड खरोखर टांगायचा, तर प्रश्न वेगळा. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. शिवाय एक घनमीटर बेसाल्ट पावणेतीन ते तीन टन भरतो. म्हणून लहान तुकड्यांत आरपार भोक पाडून पोलादी गज ओवतात आणि खालून चकती देतात. अशाने ताण गजावर येतो, दगडाच्या वाट्याला मुख्यतः दाबच उरतो. ही युक्ती साधी आणि सुंदर आहे. टांगण्याचा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर हवा, नाहीतर शिल्प कलंडते.

अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या हवेत टांगणीच्या धातूची निवड निर्णायक ठरते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर तिथे डाग पडतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ अधिक टिकते. पितळ ॲल्युमिनियमला थेट टेकले, तर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते, त्यामुळे मध्ये नायलॉनची चकती घालतात. गजाऐवजी पीळदार तारा वापरल्या, तर त्यांच्या फटींत मीठ साचते. किनाऱ्यावर असे शिल्प लावणाऱ्यांनी तारा अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन तपासाव्यात.