निराळी कपबशी

नाताळ आला की उस्मानपुऱ्यातील आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट येते. दिवाळीस आमचे जाते. यंदा ते हाती घेताना लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण झाले. कविवर्य नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या या माउलीवर आकाशच कोसळले. पुढे पतीकडे परतल्यावरही सोवळे सुटेना. ते सुटले कोणाच्या उपदेशाने नव्हे! जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्याच मनात उठला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी घरगुती बोलीत सांगितले आहे. टिळकांची भजने मराठी चर्चमधून आजही गायिली जातात. ती ऐकताना आम्हांस मात्र ही पाण्याची घागरच आठवते.

श्राद्धान्न अंत्यजांस वाढणाऱ्या नाथांचे आख्यान आम्ही पैठणास चाळीस वर्षे लावले. श्रोते डोळे पुशीत. आणि घरी? कोनाड्यात परधर्मीयांसाठी एक कपबशी निराळी असे. आमच्या कुटुंबाने ती एके दिवशी, चकार शब्द न काढता, इतर कपबशांत मिसळून टाकली. त्यांतली ती कोणती, हे आता आम्हांस ओळखता येत नाही.